जुनी गोष्ट, नवे हात : डोरेमॉनची नवी चित्रमालिका कशी घडली?

कोणतीहि गोष्ट लोकांच्या मनांत एकदां घर करून बसली, म्हणजे ती सांगणाऱ्याच्या मालकीची राहत नाहीं. ती ऐकणाऱ्याची होते. आजीनें रोज सांगितलेल्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टींत एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तरी लहान मूल तिला तेथेंच अडवितें आणि "असें नाहीं, आजी, तसें!" म्हणून तिची चूक दुरुस्त करतें, हा अनुभव कोणत्या घरांत नाहीं? मग जी गोष्ट एका घरांत नव्हे, तर एका सबंध देशांत पंचवीस वर्षांहून अधिक काळ नेमानें सांगितली गेली, तिचे चेहरे, तिचे रंग आणि तिचे आवाज एकदम बदलण्याचें काम ज्यांच्या वांट्यास आलें, त्यांची अवस्था काय झाली असेल! जपानांतील कांहीं कलावंतांवर असा प्रसंग २००५ सालीं आला. त्यांनीं तो कसा निभावला, आणि चित्रमालिका नांवाची वस्तु मुळांत तयार कशी होते, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

ती मालिका म्हणजे डोरेमॉनची. आमच्या बालवाचकांस तिची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. भविष्यकाळांतून आलेलें, निळ्या रंगाचें, वाटोळ्या डोक्याचें, कान नसलेलें तें यांत्रिक मांजर. त्याच्या पोटावरील अद्‌भुत खिसा. आणि त्याच्या आधारावर दिवस काढणारा नोबिता नांवाचा आळशी, भित्रा, पण मनाचा निर्मळ मुलगा, या दोघांस आपल्याकडील मुलें हिंदी भाषेंतून चांगलीं ओळखतात. पालकांपैकीं कित्येकांस त्या दोघांचा थोडासा रागहि येत असेल. कारण नेमकी अभ्यासाची वेळ झाली कीं ते पडद्यावर हजर होतात! परंतु ज्या वस्तूपुढें आपलें मूल अर्धा अर्धा तास हालत नाहीं, ती वस्तु किती हातांच्या श्रमानें उभी राहते, हें जाणून घेणें मुलास आणि पालकास, दोघांसहि हिताचें आहे.

जपानी लोक अशा हलत्या चित्रांच्या कथेस 'ॲनिमे' म्हणतात, आणि कागदावर छापलेल्या चित्रकथेस 'मांगा' म्हणतात. पुष्कळशा ॲनिमेंचा जन्म मांगांतूनच होतो. डोरेमॉनचें मूळहि असेंच कागदावर आहे, आणि तें मूळ समजल्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं.

डोरेमॉनचे जनक हिरोशी फुजिमोटो यांचा जन्म १९३३ सालीं जपानच्या तोयामा प्रांतांतील ताकाओका या गांवीं झाला. मोतोओ आबिको या आपल्या शाळासोबत्याबरोबर 'फुजिको फुजिओ' या जोडनांवानें त्यांनीं चित्रकथा काढण्यास आरंभ केला. पुढें दोघे स्वतंत्र झाल्यावर फुजिमोटो हे 'फुजिको एफ्. फुजिओ' या नांवानें लिहूं लागले. डोरेमॉनची पहिली गोष्ट जानेवारी १९७० च्या अंकांत आली. तो अंक १९६९ च्या डिसेंबरांतच बाहेर पडला होता. 'अंक' असें एकवचनीं म्हटलें खरें, परंतु अंक एक नव्हे, सहा होते! शोगाकुकान ही प्रकाशनसंस्था शाळकरी मुलांसाठीं इयत्तावार मासिकें काढीत असे : अगदीं लहानांसाठीं निराळें, पहिलीसाठीं निराळें, दुसरीसाठीं निराळें, असें चौथीपर्यंत. या सहाहि मासिकांत डोरेमॉन एकाच वेळीं अवतरला. पहिलीच्या मुलास जी थट्टा कळते ती चौथीच्या मुलास पोरकट वाटते, म्हणून फुजिमोटो यांस प्रत्येक वयाच्या वाचकास रुचेल अशी वेगळी गोष्ट रचावी लागे. असें करतां करतां त्यांच्या हातून तेराशेंहून अधिक गोष्टी लिहून झाल्या, आणि त्यांतील निवडक गोष्टी ४५ खंडांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या. डोरेमॉनची उंची त्यांनीं १२९.३ सेंटिमीटर ठरविली, ती त्या काळच्या चौथ्या इयत्तेंतील मुलांच्या सरासरी उंचीवरून. म्हणजे तें मांजर मुलाकडे वरून खालीं पाहत नाहीं. त्याच्या डोळ्यास डोळा भिडवून बोलतें. ही लहानशी बाब वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

कागदावरील डोरेमॉन पडद्यावर आणण्याचा पहिला प्रयत्न १९७३ सालीं झाला, आणि तो फसला. निप्पॉन टेलिव्हिजन या वाहिनीवर त्या वर्षीं एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे २६ भाग दाखविण्यांत आले. डोरेमॉनचा आवाज आरंभीं एका पुरुष कलावंताचा होता, तो मध्येंच बदलून एका बाईंस देण्यांत आला. पुढें ती मालिका काढणारी संस्थाच बंद पडली, आणि मालिकाहि सहा महिन्यांत आटोपली. आज तिचे बरेचसे भाग पाहावयास मिळत नाहींत. आज जगभर मिरविणारें हें मांजर एकदां असें अपयश पदरीं घेऊन घरीं बसलें होतें, हें कोणास सांगितल्यास खरें वाटणार नाहीं.

दुसरा प्रयत्न शिन्-एइ ॲनिमेशन या संस्थेनें केला. ही संस्था १९७६ सालीं स्थापन झाली होती. एकदां तोंड पोळल्यावर मूळ लेखकाची संमति मिळविणें सोपें नव्हतें; म्हणून या मंडळींनीं डोरेमॉनमधील गोडवा पडद्यावर कसा उतरवितां येईल याची लेखी योजना सिद्ध केली. तिचा मसुदा इसाओ ताकाहाता यांनीं लिहून दिला. हेच गृहस्थ नंतर सुप्रसिद्ध घिब्ली चित्रपटसंस्थेच्या संस्थापकांपैकीं एक झाले. नमुन्यादाखल एक छोटा चित्रपटहि तयार करण्यांत आला. अखेर २ एप्रिल १९७९ रोजीं टीव्ही आसाही या वाहिनीवर नवी मालिका सुरू झाली. आरंभीं सोमवार ते शनिवार, रोज दहा मिनिटें, अशी ती दाखविली जात असे. या खेपेस मात्र यश असें आलें कीं, १९७९ पासून २००५ पर्यंत सतराशेंहून अधिक भाग निघाले, आणि १९८० पासून प्रत्येक वसंत ऋतूंत एक मोठा चित्रपट, हा जपानी घराघरांतला जणुं एक वार्षिक कुळाचारच होऊन बसला.

या यशांत आवाजांचा वांटा फार मोठा होता. डोरेमॉनचा आवाज नोबुयो ओयामा या बाईंचा. किंचित् घोगरा, पण मायाळू असा तो आवाज ऐकून स्वतः फुजिमोटो यांनीं, डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशा आशयाचे उद्गार काढले, असें त्या बाई सांगत असत. कागदावर मुक्या असलेल्या पात्राचा आवाज त्याच्या निर्मात्यासहि त्या दिवशींच समजला, असा त्याचा अर्थ! लहान मुलाची देखभाल करण्यासाठीं निर्माण झालेल्या यंत्रमानवाच्या तोंडीं वाईट शब्द शोभणार नाहीं, म्हणून ओयामाबाई संहितेंतील शिवराळ शब्द आपणहून सौम्य करीत. नोबिता, शिझुका, जियान आणि सुनियो यांचे आवाज देणारे कलावंतहि वर्षानुवर्षें तेच राहिले. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या नाटकांतील भूमिका आणि ती करणारा नट लोकांच्या मनांत एकरूप होऊन जावेत, तसेंच हें झालें होतें.

परंतु चित्राचें वय वाढत नाहीं, माणसाचें वाढतें. नोबिता पंचवीस वर्षें त्याच इयत्तेंत, त्याच बांकावर बसून राहिला. त्यास व त्याच्या सोबत्यांस बोलविणारे कलावंत मात्र बहुतेक सत्तरीच्या आसपास येऊन पोंचले. मूळ लेखक फुजिमोटो १९९६ सालीं निवर्तले होते. आतां अडले तर विचारावें कोणास, हाहि प्रश्न होता. अशा वेळीं चालकांपुढें तीन मार्ग असतात : मालिका सन्मानानें संपवावी, एकेक कलावंत जसजसा थकेल तसतसा बदलावा, किंवा सर्वच नव्यानें मांडावें. २००४ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं तिसरा मार्ग जाहीर केला. १८ मार्च २००५ रोजीं जुन्या मंडळींचा शेवटचा भाग दाखविला गेला, आणि पुरता एक महिनाहि लोटण्यापूर्वीं, १५ एप्रिल २००५ रोजीं, नवी मालिका सुरू झाली. प्रत्येक वसंतांतील चित्रपटाच्या परंपरेंत तेवढ्या एका वर्षीं खंड पडला. १९८० पासून असें प्रथमच घडत होतें.

आतां खरा प्रश्न पुढें आला : नवें करावयाचें म्हणजे काय करावयाचें? नवी मालिका जुन्या मालिकेची हुबेहूब नक्कल केली, तर लोक म्हणणार, "मूळच काय वाईट होतें?" आणि अगदींच वेगळी केली, तर म्हणणार, "हा आमचा डोरेमॉन नव्हे!" या पेंचांतून मुख्य दिग्दर्शक कोझो कुसुबा, पात्रांचीं रूपें नव्यानें आखणारे आयुमु वातानाबे आणि त्यांचे सहकारी यांनीं जी वाट काढली, ती विचार करण्याजोगी आहे. त्यांनीं मागच्या मालिकेकडे न पाहतां तिच्याहि मागें, म्हणजे फुजिमोटो यांच्या मूळ पुस्तकांकडे पाहिलें.

याचें कारण असें. एखादी मालिका फार वर्षें चालली, म्हणजे प्रत्येक नवा कारागीर मूळ ग्रंथ उघडण्याऐवजीं आदल्या कारागिराचें काम पुढें ठेवून आपलें काम करूं लागतो. नकलेवरून नक्कल उतरावी, तसें होत जातें. आणि प्रत्येक नकलेंत मूळ अक्षर थोडेंथोडें पालटतें. जुन्या मालिकेंतील डोरेमॉन असाच हळूहळू शहाणा, पोक्त, नोबिताचा पालक बनला होता. पुस्तकांतील डोरेमॉन तसा नाहीं. तो स्वतःच धांदरट आहे. ऐन संकटांत खिशांतून भलभलत्या वस्तु बाहेर फेकतो. उंदीर दिसतांच भेदरतो. नोबितावर रागावतो, त्याच्याशीं भांडतो, आणि दुसऱ्या घटकेस त्याच्याबरोबर खेळतो. थोडक्यांत, तो नोबिताचा पालक कमी आणि सवंगडी अधिक आहे. त्याची उंची चौथीच्या मुलाएवढी ठेवण्यांत हेंच सुचविलें आहे. नव्या मंडळींनीं हा सवंगडी परत आणला. त्याचें शरीर पुस्तकांतल्याप्रमाणें अधिक वाटोळें व ठेंगणें केलें. रंग मऊ केले. मागील देखावे जलरंगांनीं रंगविल्यासारखे हलके केले. लोकांस जें 'नवें' वाटलें, त्यांतील पुष्कळसें वास्तविक सर्वांत जुनें होतें!

हा निश्चय झाला. पण निश्चय करणें आणि तो दर आठवड्यास पडद्यावर उतरविणें यांत फार अंतर आहे. तें अंतर कसें कापलें जातें, हें आतां पाहूं.

 किंचित् किंचित् फरकाचीं चित्रें झपाट्यानें एकामागून एक दाखविलीं, म्हणजे तीं हालत असल्याचा भास होतो. चित्रपटांत दर सेकंदास २४ चित्रें डोळ्यांपुढून जातात. दहा मिनिटांच्या गोष्टीस या हिशेबानें १४,४०० चित्रें लागतील. इतकीं चित्रें दर आठवड्यास हातानें काढणें अशक्यप्राय आहे. जपानांत ओसामु तेझुका यांनीं १ जानेवारी १९६३ रोजीं 'तेत्सुवान आतोमु' ही अर्ध्या तासाची साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हां त्यांस काटकसरीच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. आणि त्याच युक्त्या जपानी पद्धतीचा पाया होऊन बसल्या. एक चित्र एकदां दाखवून न टाकतां लागोपाठ तीन वेळां दाखवावें, म्हणजे सेकंदास आठ चित्रांवर काम भागतें. पात्र नुसतें बोलत असेल, तर सर्व शरीर स्थिर ठेवून केवळ तोंड हालवावें. त्यासहि तीनच चित्रें पुरतात : मिटलेलें तोंड, अर्धें उघडलेलें आणि पूर्ण उघडलेलें. चालणारा माणूस जागच्या जागीं ठेवून मागचा देखावाच सरकवावा. इतकें करूनहि अर्ध्या तासाच्या एका भागास साधारणतः तीन ते पांच हजार चित्रें लागतातच.

कामाचा क्रम असा असतो. प्रथम कोणती गोष्ट घ्यावयाची तें ठरतें. मूळ गोष्ट बहुधा आठ-दहा पानांची. ती पडद्यावर दहा मिनिटें तरी चालली पाहिजे. म्हणून संहिता लिहिणारा मूळ गोष्टीच्या सांध्यांत नवे प्रसंग बसवितो. मात्र ते इतक्या बेतानें, कीं जोड कोठें दिला हें दिसूं नये. संहितेवरून दिग्दर्शक चित्रांचा आराखडा तयार करतो. त्यास जपानी लोक 'एकोंते' म्हणतात. एका कागदावर एकाखालीं एक लहान चौकटी. प्रत्येक चौकटींत पेन्सिलीनें काढलेलें ओबडधोबड चित्र. शेजारीं पात्राचें बोलणें, आणि त्यापुढें सेकंदांचा हिशेब. घर बांधतांना गवंडी, सुतार आणि लोहार जसे एकाच नकाशाकडे पाहून काम करतात, तसे पुढील सर्व कारागीर या आराखड्याकडे पाहून काम करतात.

नंतर मुख्य चित्रकारांचें काम. डोरेमॉन खिशांतून डोक्यावर लावावयाचा पंखा काढतो, असा प्रसंग घ्या. हात खिशांत गेला हें एक चित्र, पंखा उंच धरला हें दुसरें. अशीं मोक्याचीं चित्रें अनुभवी चित्रकार काढतो. त्यांच्या दरम्यान हात जेथून जेथून जातो तीं मधलीं चित्रें दुय्यम चित्रकार भरून काढतात. या मधल्या चित्रांचें काम अत्यंत किचकट आहे. त्यांत स्वतःची करामत दाखविण्यास जागा नाहीं. रेघ कांपली तर पडद्यावर सर्व पात्रच कांपूं लागतें. तरीहि बहुतेक मोठ्या चित्रकारांनीं आपली उमेदवारी याच कामांत केलेली असते. एकाच भागावर अनेक हात काम करतात, म्हणून कोणाचा नोबिता लंबोळका होतो तर कोणाचा गुबगुबीत. तें एकसारखें करण्यासाठीं एक निरीक्षक चित्रकार नेमलेला असतो. आलेल्या चित्रावर पातळ कागद ठेवून तो चेहरे सुधारून देतो. नोबिता सर्वत्र एकच मुलगा दिसतो तो या माणसामुळें. आणि प्रेक्षकांस याचें नांवहि ठाऊक नसतें.

पूर्वीं हीं चित्रें 'सेल' नांवाच्या पारदर्शक तावांवर उतरवून घेत, आणि पाठीमागच्या बाजूनें रंग भरीत, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ राही. रंगविलेले ताव वाळत घातलेल्या मांडण्या हें अशा कार्यशाळेंतील नेहमींचें दृश्य होतें. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून हें काम संगणकावर होऊं लागलें. कागदावरील रेघ यंत्रांत घेऊन रंग तेथेंच भरतात. देखावे मात्र वेगळे चित्रकार करतात, कारण एकच देखावा कित्येक सेकंद पडद्यावर राहतो, आणि त्यांतील उणीव प्रेक्षकांच्या डोळ्यांतून सुटत नाहीं. शेवटीं पात्रें आणि देखावे एकत्र जुळवून, कापून, जोडून, त्यांस आवाज व संगीत दिलें जातें. एका भागास या सर्वांत कित्येक महिने लागतात; मालिका तर दर आठवड्यास दाखवावयाची! म्हणून अनेक तुकड्या निरनिराळ्या भागांवर एकाच वेळीं राबत असतात : एकीचा भाग रंगांत, दुसरीचा रेघांत, तर तिसरीचा अजून नुसत्या आराखड्यांत.

आवाज जपानांत चित्रानंतर भरतात. कलावंत हातांत संहिता घेऊन ध्वनिग्राहकापुढें उभे राहतात आणि समोरच्या पडद्याकडे पाहून बोलतात. गंमत अशी, कीं त्या वेळीं चित्रें पुष्कळदां पुरीं झालेलींच नसतात. रंगाचा पत्ता नाहीं, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा सरकत असतात, आणि त्या रेघांकडे पाहून हंसावयाचें वा रडावयाचें असतें.

नव्या मालिकेसाठीं पांचहि प्रमुख आवाज परीक्षा घेऊन नव्यानें निवडण्यांत आले. डोरेमॉनची जागा वासाबी मिझुता यांस मिळाली, नोबिताची मेगुमी ओहारा यांस, शिझुकाची युमी काकाझु यांस आणि सुनियोची तोमोकाझु सेकी यांस. आमच्या विद्यार्थ्यांस विशेष कौतुक वाटेल अशी निवड जियानच्या आवाजाची. दांडगट, बेसूर गाणारा, पण वेळप्रसंगीं मित्रासाठीं धांवून जाणारा जो जियान, त्याचा आवाज सुबारु किमुरा यांस देण्यांत आला. त्या वेळीं ते अवघे चौदा वर्षांचे शाळकरी विद्यार्थी होते. ज्या भूमिकेंत काझुया तातेकाबे यांनीं सव्वीस वर्षें नांव गाजविलें, ती एका शाळकरी मुलाच्या खांद्यावर ठेवणें हें धाडस खरेंच. पण तें फुकट गेलें नाहीं. त्या मुलानें ती जबाबदारी प्रौढपणींहि सांभाळली आहे.

लोकांनीं या बदलाचें तत्काळ स्वागत केलें असें मात्र नाहीं. नवा आवाज हलका व कोंवळा होता. जुन्याची संवय झालेल्या कानांस तो परका वाटला. विशेषतः ज्यांचें बालपण जुन्या मालिकेंत गेलें, त्या मोठ्या माणसांस तो रुचेना. आपल्या आजीची गोष्ट दुसऱ्या कोणी सांगावी आणि ती परकी वाटावी, तसेंच तें होतें. या दुःखास हंसण्याचें कारण नाहीं. तें प्रेमाचेंच दुसरें रूप आहे. परंतु ज्या मुलांनीं जुना आवाज ऐकलाच नव्हता, त्यांस नवा आवाज हाच डोरेमॉनचा आवाज झाला. २०२५ सालीं या मालिकेस वीस वर्षें पूर्ण झालीं. २००५ सालीं जी 'नवी' म्हणून टीकेस पात्र झाली, तीच आज एका सबंध पिढीची 'जुनी' ओळख होऊन बसली आहे. २०२४ सालीं नोबुयो ओयामा आणि पूर्वींच्या नोबिताचा आवाज नोरिको ओहारा या दोघीहि निवर्तल्या. तेव्हां त्यांच्यासाठीं हळहळणाऱ्यांत नव्या मालिकेवर वाढलेलेहि होतेच.

मुळाकडे परतण्याचा हा निश्चय पुढच्याच वर्षीं कसोटीस लागला. २००६ सालीं नव्या मंडळींनीं आपला पहिला चित्रपट काढला, तेव्हां नवी कथा न घेतां १९८० च्या पहिल्या चित्रपटाचीच कथा त्यांनीं घेतली : नोबितास सांपडलेलें डायनोसॉरचें अंडें, त्यांतून निघालेलें पिलूं, आणि त्या पिलाचा शेवटीं करावा लागणारा निरोप. दिग्दर्शक वातानाबे यांनीं त्यांत पेन्सिलीच्या हलत्या, जिवंत रेघा मुद्दाम दिसूं दिल्या. तुलना ओढवून घेण्याचाच हा मार्ग होता. पण ज्यास आपण मूळ ओळखलें आहे असा भरंवसा असतो, तो तुलनेस भीत नाहीं.

मूळ कोणतें आणि वरचें आवरण कोणतें, हा विवेक बारीकसारीक गोष्टींतहि लागतो. नोबिताचे सोबती ज्या मोकळ्या जागेंत खेळतात, तेथें सिमेंटचे तीन मोठे नळ एकावर एक रचलेले असतात. १९७० च्या सुमारास नवीं घरें व गटारें बांधली जात असतां तोक्योमध्यें असें दृश्य नेहमींचें होतें. आज तशी मोकळी जागा त्या शहरांत मिळणें कठीण. तरीहि नव्या मालिकेनें ते नळ काढले नाहींत, कारण त्यांवर बसून मुलें गप्पा मारतात, रुसतात, आणि जियानचें भयंकर गाणें ऐकतात. ते काढले तर गोष्टीचें अंगणच नाहींसें होईल.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचें. २०१४ सालीं ही मालिका तेथें दाखविली गेली तेव्हां नोबिताचा 'नोबी' झाला, जियानचा 'बिग जी' झाला, शिझुकाची 'सू' झाली. येनच्या जागीं डॉलर आले, आणि जेवणाच्या काड्यांच्या जागीं कांटेचमचे आले. भारतांत मात्र नांवें बदलण्याची गरज कोणास वाटली नाहीं. डोरेमॉनचा आवडता 'दोरायाकी' नांवाचा गोड पदार्थ हिंदींत 'डोराकेक' झाला, एवढाच काय तो फरक. आपलीं मुलें जपानी नांवें, जपानी चटया आणि जपानी शाळा यांसह ती गोष्ट आपली मानतात. गृहपाठ न झाल्याची भीति सर्व देशांत सारखीच असल्यामुळें त्यांस अडचण पडत नसावी! मुलाची समजूत मोठ्यांच्या अंदाजापेक्षां बरीच मोठी असते, हेंच यावरून दिसतें.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं भाग संपून नांवांची यादी झरझर वर सरकूं लागेल, तेव्हां लगेच उठूं नका. ती क्षणभर पाहा. त्यांतील बहुतेकांनीं तुमच्यासाठीं एखादा हात हालविला आहे, एखादें तोंड उघडलें आहे, एखाद्या देखाव्यांत संध्याकाळ भरली आहे. त्यांपैकीं कोणीहि डोरेमॉन निर्माण केला नाहीं. त्यांनीं तो सांभाळला. निर्माण करणाऱ्याचें नांव ग्रंथावर छापलें जातें. सांभाळणाऱ्याचें नांव बारीक अक्षरांत येतें आणि पुसलें जातें. परंतु निर्माता गेल्यावरहि गोष्ट जिवंत राहते ती या दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळें. फुजिमोटो ज्या कावासाकी शहरांत राहत असत, तेथें ३ सप्टेंबर २०११ पासून त्यांचें संग्रहालय उघडलें आहे, आणि त्यांच्या हातचीं मूळ पानें तेथें जपून ठेविलेलीं आहेत. आजच्या मंडळींचेहि आवाज एक दिवस थकतील, आणि पुन्हां कोणास तरी हेंच काम नव्यानें हातीं घ्यावें लागेल. त्या वेळीं त्यांनींहि प्रथम तीं पानें उघडून पाहावीं, म्हणजे निम्मी वाट सोपी होईल.